सार्वजनिक टॉवेल ते हँड ड्रायर : स्वच्छतागृहांतील हात कोरडे करण्याच्या साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात साथीचे रोग, लसीकरण, पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था या विषयांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. हात धुण्याच्या सवयीचा इतिहासही अलीकडच्या काळात अभ्यासकांनी सविस्तर मांडला आहे. परंतु धुतलेले हात कशाने कोरडे करावयाचे, हा प्रश्न मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. घरात प्रत्येकाचा पंचा वा टॉवेल वेगळा असतो, बाहेर रुमाल वा पदर उपयोगी पडतो. मात्र शाळा, कारखाना, रेल्वे, दवाखाना, उपाहारगृह अशा ठिकाणी शेकडो अनोळखी माणसे एकच नळ व एकच टॉवेल वापरू लागली, तेव्हा हा प्रश्न खाजगी न राहता सार्वजनिक झाला. औद्योगिक समाजाने निर्माण केलेल्या या प्रश्नाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणकोणती उत्तरे देण्यात आली, ती कोणी दिली आणि त्यांतून कोणाचे हित साधले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. सार्वजनिक टॉवेलच्या प्रथेचा अंत कोणत्या कारणांनी झाला, हे पाहणे.
२. कागदी टॉवेल व हँड ड्रायर या साधनांचा उदय व प्रसार अभ्यासणे.
३. या साधनांच्या आरोग्यविषयक गुणवत्तेसंबंधी झालेल्या संशोधनाचे ऐतिहासिक दृष्टीने मूल्यमापन करणे.
४. भारतीय परिस्थितीत या इतिहासाची प्रस्तुतता तपासणे.

हस्तप्रक्षालनाचा विचार व त्यातील उणीव :

१८४७ साली व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिकक्षात जाण्यापूर्वी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घालून दिला. १८४६ मध्ये तेथील पहिल्या प्रसूतिविभागातील मातामृत्यूचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते. १८४८ मध्ये ते सव्वा टक्क्याच्या आसपास आले. समकालीन वैद्यकविश्वाने सेमेलवाइसचे म्हणणे सहजासहजी मान्य केले नाही. पुढे लुई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनामुळे जंतुसिद्धांत प्रस्थापित झाला आणि हात धुणे हा आरोग्यशिक्षणाचा पाया ठरला.

तथापि या विचारात एक उणीव राहिली. हात धुतला म्हणजे तो स्वच्छ झाला, असे गृहीत धरले गेले. ओल्या हातांकडून अन्य वस्तूंकडे आणि वस्तूंकडून हातांकडे जंतूंचे संक्रमण कोरड्या हातांच्या तुलनेत कितीतरी अधिक होते, ही बाब प्रयोगाने स्पष्टपणे मांडली गेली ती १९९७ साली, न्यूझीलंडमधील पॅट्रिक, फिंडन व मिलर या संशोधकांच्या लेखात. हातावर उरलेला ओलावा हाच संक्रमणाचे प्रमाण ठरविणारा घटक असतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच हात कोरडे करणे हा हात धुण्याच्या क्रियेचाच अखेरचा व आवश्यक भाग आहे. सेमेलवाइसपासून या निष्कर्षापर्यंत पोहोचण्यास दीडशे वर्षे लागली.

सार्वजनिक टॉवेलविरुद्धची मोहीम :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शाळा, रेल्वेस्थानके, निवासगृहे व कारखाने यांत भिंतीवरील लाकडी दांड्याभोवती फिरणारा कापडी टॉवेल सर्रास आढळत असे. तो सर्वांसाठी एकच असे व तासन्‌तास बदलला जात नसे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी साखळीने बांधलेला एकच पेला असे, त्याच्याच जोडीची ही व्यवस्था होती.

या दोन्ही प्रथांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीत कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे सचिव डॉ. सॅम्युएल क्रंबाइन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. डॉज सिटी या सीमावर्ती गावात वैद्यकी केलेल्या क्रंबाइन यांनी १९०४ पासून हे पद सांभाळले. रेल्वेच्या डब्यात क्षयरोग्यांनी वापरलेल्याच पेल्याने लहान मुलेही पाणी पितात, हे त्यांनी पाहिले होते. १९०९ साली कॅन्ससमध्ये सार्वजनिक पेल्यावर बंदी आली. पाठोपाठ सार्वजनिक टॉवेलही निषिद्ध ठरला. १९१२ मध्ये आंतरराज्य रेल्वेगाड्यांतील सार्वजनिक पेला संघराज्य सरकारच्या आदेशाने हद्दपार झाला. पुढील काही वर्षांत अनेक राज्यांनी टॉवेलसंबंधी असेच नियम केले.

टॉवेलच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती होती ती खुपरी, म्हणजेच ट्रॅकोमा, या नेत्ररोगाची. डोळ्यांतील स्राव हात, कपडा व टॉवेल यांवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो, वारंवार संसर्ग झाल्याने पापणी आत वळते आणि पापण्यांचे केस बुबुळावर घासून अखेरीस दृष्टी जाते. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या पापण्या उलटवून तपासणी केली जाई आणि रोग आढळल्यास त्यांना मायदेशी परत धाडले जाई. केंटकीच्या डोंगराळ भागात जॉन मॅकमलेन या सरकारी डॉक्टरने केलेल्या पाहणीत हा रोग देशातील गरीब वस्त्यांतही मोठ्या प्रमाणावर असल्याचे आढळले. परकीयांनी आणलेला रोग अशी ज्याची ओळख होती, तो प्रत्यक्षात दारिद्र्याचा, पाणीटंचाईचा व एकाच फडक्यावर भागवणाऱ्या कुटुंबांचा रोग होता.

कागदी टॉवेलचा उदय :

बंदीमुळे जी पोकळी निर्माण झाली, ती भरून काढण्यास उद्योगजगत तत्परतेने पुढे आले. एकदा वापरून टाकावयाचा कागदी पेला लॉरेन्स लुएलन व ह्यू मूर यांनी बाजारात आणला. पुढे तो ‘डिक्सी कप’ या नावाने प्रसिद्ध झाला. टॉवेलच्या बाबतीत हेच कार्य फिलाडेल्फिया येथील स्कॉट पेपर कंपनीने केले. प्रमाणापेक्षा जाड निघालेल्या कागदाचे मोठे रीळ कारखान्यात येऊन पडले होते. एका शाळेतील शिक्षिका सर्दी झालेल्या मुलांना सार्वजनिक टॉवेलऐवजी कागदाचे तुकडे देते, हे ऐकून आर्थर स्कॉट यांना त्या कागदाचे टॉवेल करण्याची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९०७ च्या सुमारास हे ‘सॅनि-टॉवेल’ शाळा, रेल्वेस्थानके व उपाहारगृहांत विकले जाऊ लागले. १९३१ साली याच कंपनीने घरगुती स्वयंपाकघरासाठी कागदी टॉवेलचे रीळ आणले.

येथे एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. आरोग्य मंडळाचा आदेश व कंपनीचा माल हे एकमेकांस पूरक ठरले. टॉवेल वारंवार धुणे, प्रत्येकास स्वतंत्र टॉवेल देणे हे पर्याय श्रमाचे होते, तर कागदाचा पर्याय सोयीचा होता. मात्र या सोयीबरोबरच कागदाची सतत खरेदी आणि कचऱ्याचा ढीग या दोन गोष्टी संस्थांच्या गळ्यात पडल्या. हँड ड्रायरच्या प्रचाराला पुढे याच दोन गोष्टींचा आधार मिळाला.

हँड ड्रायरची वाटचाल :

विजेच्या साहाय्याने गरम हवा सोडून हात वाळविण्याच्या यंत्राचे पेटंट १९२२ साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रोटन येथील एअरड्राय कंपनीच्या हिबर्ड, वॉट्रस व बॅसेट यांनी मिळविले. पायाने कळ दाबून चालणारे हे यंत्र ‘विजेचा टॉवेल’ म्हणून विकले गेले, परंतु त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. १९४८ मध्ये शिकागो येथील जॉर्ज क्लेमेन्स यांनी सुधारित यंत्र तयार केले आणि त्यानंतर विमानतळ, शाळा व कार्यालये यांत ते दिसू लागले.

या यंत्राचा दोष आरोग्यशास्त्रीय होता तितकाच मानवी स्वभावाशी निगडित होता. हात पूर्ण कोरडे होण्यास अर्धा मिनीट वा अधिक वेळ लागे आणि तेवढा वेळ थांबण्याची बहुतेकांची तयारी नसे. परिणामी ओले हात कपड्यांना पुसून माणसे बाहेर पडत. हा दोष दूर करण्यासाठी जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीने १९९३ साली वेगवान हवेच्या झोताने पाणी झटकून टाकणारा ‘जेट टॉवेल’ आणला. २००६ मध्ये ब्रिटनच्या डायसन कंपनीने ‘एअरब्लेड’ बाजारात आणला. ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाच्या झोताने दहा-बारा सेकंदांत हात कोरडे होतात, असा कंपनीचा दावा होता.

संशोधन व हितसंबंध :

साधने बदलली तसा त्यांच्या तुलनेचा वादही वाढला. २००० साली मेयो क्लिनिकमधील गुस्ताफसन व सहकाऱ्यांनी १०० व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात कापडी टॉवेल, कागदी टॉवेल, गरम हवा व नैसर्गिकरीत्या वाळविणे या चार पद्धतींत हातांवरील जीवाणूंच्या संख्येबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट, २०१२ साली हुआंग, मा व स्टॅक यांनी १२ अध्ययनांचा आढावा घेऊन आरोग्याच्या दृष्टीने कागदी टॉवेल श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला व रुग्णालयांत त्यांचाच वापर व्हावा, असे सुचविले. २०१४ मध्ये लीड्स येथील संशोधकांना जेट ड्रायरजवळील हवेत जीवाणूंचे प्रमाण गरम हवेच्या यंत्रापेक्षा साडेचार पट व कागदी टॉवेलपेक्षा २७ पट आढळले. २०१६ मध्ये किमिट व रेडवे यांनी विषाणू वापरून केलेल्या प्रयोगात जेट ड्रायरमुळे कागदाच्या तुलनेत १३०० पटींहून अधिक विषाणू पसरल्याचे नमूद केले.

हे आकडे वृत्तपत्रांतून गाजले. परंतु लीड्सच्या अभ्यासाला युरोपातील टिश्यू कागद उत्पादकांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते, हेही लक्षात घ्यावे लागते. विषाणूंच्या प्रयोगात हातमोज्यांवर वास्तवात असतात त्यापेक्षा कितीतरी अधिक विषाणू लावले होते व हात आधी धुतलेले नव्हते, असा आक्षेप ड्रायर उत्पादकांनी घेतला. दुसरीकडे, वेगवान ड्रायर पर्यावरणास कमी हानिकारक असल्याचे सांगणारे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे २०११ चे अध्ययन डायसन कंपनीने करवून घेतले होते. अर्थसाहाय्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत. मात्र कोणता प्रश्न विचारावयाचा, हे अनेकदा पैसा पुरविणारा ठरवितो. कागद उत्पादकांनी हवेत काय पसरते असे विचारले, तर यंत्र उत्पादकांनी किती झाडे व ऊर्जा वाचते असे विचारले. दोघांनाही आपापल्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर मिळाले.

२०१८ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातील ३६ स्वच्छतागृहांच्या अध्ययनात वेगळा मुद्दा पुढे आला. ड्रायरच्या झोताखाली ३० सेकंद ठेवलेल्या पात्रांत सरासरी १८ ते ६० जीवाणू-वसाहती वाढल्या, तर सूक्ष्म गाळणी बसविल्यावर त्या सुमारे चौपटीने घटल्या. हे जीवाणू बहुतांशी स्वच्छतागृहाच्या हवेतूनच यंत्रात खेचले गेले असावेत, असे यावरून दिसते. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नसून भोवतालच्या अस्वच्छतेचाही होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्यसेवकांसाठी एकदाच वापरावयाचा टॉवेल सुचविला. २०२० च्या कोविड साथीत सर्वसामान्यांना मात्र कागदी टॉवेल किंवा गरम हवेचे यंत्र यांपैकी काहीही वापरून हात पूर्ण कोरडे करण्याचा सल्ला दिला.

भारतीय संदर्भ :

अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर केलेल्या कामगार-सुरक्षा नियमांनी व ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी कामाच्या ठिकाणी हात कोरडे करण्याचे साधन पुरविणे बंधनकारक केले. भारतातील १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४२ ने कामगारांसाठी हात धुण्याची पुरेशी सोय, स्त्री-पुरुषांना स्वतंत्र व आडोशाची जागा आणि तिची स्वच्छता यांचा आग्रह धरला. हात कोरडे करण्याचा उल्लेख त्या कलमात नव्हता. अन्नपदार्थांच्या व्यवसायासाठी २०११ च्या नियमावलीत धुण्याबरोबर कोरडे करण्याच्या आरोग्यदायी सोयीचा उल्लेख आला.

खुपरीचा प्रश्नही भारताला परका नव्हता. १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. या रोगाविरुद्धच्या जागतिक धोरणात शस्त्रक्रिया व प्रतिजैविके यांच्या बरोबरीने चेहऱ्याची स्वच्छता व परिसरसुधारणा यांना स्थान आहे. हे यश यंत्रापेक्षा औषध, पाणी व सवयी यांचे आहे. आजही खानावळीच्या बेसिनजवळ खिळ्याला अडकवलेला टॉवेल दिसतो, तेव्हा क्रंबाइन यांनी उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही, याची जाणीव होते.

निष्कर्ष :

१. सर्वांसाठी एकच कापडी टॉवेल ही सर्वांत धोकादायक पद्धत होय, याबाबत शंभर वर्षांत मतभेद झालेला नाही.
२. रुग्णालये व दवाखाने यांत एकदाच वापरावयाचा टॉवेल हाच सुरक्षित पर्याय ठरतो. तेथे जेट ड्रायर टाळणे इष्ट.
३. शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांत ड्रायर वापरता येतो. मात्र गाळणीची देखभाल, अखंड वीज व पुरेसा वेळ या त्याच्या पूर्वअटी आहेत. बंद पडलेला ड्रायर माणसाला पुन्हा ओल्या हातांनीच बाहेर धाडतो.
४. स्वतःचा धुतलेला रुमाल ही आपल्याकडील जुनी सवय ‘एका माणसास एक वस्त्र’ या तत्त्वात बसते. तो रोज धुतला जाणे आवश्यक आहे.
५. साधनांची निवड करताना अध्ययनाचा निष्कर्ष पाहण्याबरोबरच त्याचा खर्च कोणी केला, हेही पाहिले पाहिजे.

सारांश, हात कोरडे करण्याच्या साधनांचा इतिहास हा केवळ यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास नाही. एकाच टॉवेलवर ज्यांना भागवावे लागले, त्यांच्या आरोग्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. नळाला पाणी व पाण्याजवळ साबण नसेल, तर कागद आणि यंत्र यांतील निवड निरर्थक ठरते. म्हणून कोणत्याही संस्थेने प्रथम पाणी, नंतर साबण व त्यानंतर हात कोरडे करण्याचे साधन, या क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.