डॉज सिटीच्या रस्त्यावरची पाटी

धुळीचा रिकामा रस्ता, समोरासमोर दोघं, कमरेला पिस्तूल. काउबॉय म्हटलं की हेच आठवतं ना? आज त्या रस्त्यावरच्या एका पाटीबद्दल बोलूया.

साल १८६७. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय. टेक्सासमध्ये गुरं उदंड, पण गिऱ्हाईक नाही. उत्तरेत मात्र त्याच जनावराला कितीतरी पट भाव. मग जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमध्ये, ॲबिलीनच्या रेल्वेलाइनशेजारी गुरांचे वाडे बांधले. पुढे विचिटा, डॉज सिटी अशी गावं या बाजारावर वाढली. महिनोन्‌महिने गुरं हाकत आलेली तरुण पोरं, हातात पगार आणि समोर दारूचे गुत्ते. राडा होणारच!

पण दुकानदारांना धंद्याइतकीच शांतताही हवी होती. म्हणून नियम आला: गावात आलात की बंदूक जमा करा, निघताना परत न्या. डॉज सिटीत तर भर रस्त्यात पाटी होती, 'शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई'.

रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने हिशोब मांडला. १८७० ते १८८५ या काळात अशा पाच गावांत मिळून ४५ खून. गावं छोटी होती, त्यामुळे हा आकडा किरकोळ नाहीच. पण रोज दुपारी गोळीबार? तसं अजिबात नव्हतं.

मग आपल्या डोक्यात हे चित्र आलं कुठून? आधी स्वस्त कादंबऱ्या आणि तंबूतले खेळ, मग सिनेमे. डॉज सिटीवरची 'गनस्मोक' ही मालिका १९५५ ते १९७५, तब्बल वीस वर्षं चालली. या चित्रातून पाटी गेली. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन काउबॉयही गेले. आणि ज्यांच्या जमिनीवरून हे कळप जायचे, ते मूळ रहिवासी उरले फक्त खलनायक म्हणून.

'जुनी गोष्ट आहे, सोडा ना' असं वाटेल. पण २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बंदुकीवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसायला हवेत. पश्चिमेकडचे जुने निर्बंध कोर्टासमोर आले, पण बहुमताने ते अपवाद म्हणून बाजूला ठेवले. म्हणजे देश काय लक्षात ठेवतो, यावर आज कोण बंदूक घेऊन फिरणार हे ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर तो धुळीचा रस्ता दिसला, की जरा शोधा. पाटी कुठे गेली?