जॉबर पद्धती, मुंबईच्या कापडगिरण्यांतील
कामगारांची भरती, देखरेख व शिस्त ही कामे गिरणीच्या व्यवस्थापनाने जॉबर या मध्यस्थावर सोपविण्याची पद्धत. जॉबरला मुकादम व स्त्रियांच्या खात्यांतील स्त्री-जॉबरला नाईकीण असेही म्हणत. कावसजी दावर यांच्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून सु. ऐंशी वर्षे मुंबईतील व्यवस्थापक-कामगार संबंध मुख्यतः या पद्धतीतून घडले.

आरंभीचे बरेच व्यवस्थापक व तंत्रज्ञ लँकाशरहून आलेले इंग्रज किंवा पारशी होते. रत्नागिरी, सातारा इ. भागांतून येणाऱ्या कामगारांशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय नसे. जॉबर मात्र बहुधा त्याच खात्यात वर चढलेला कामगार असे. तो गावाकडच्या माणसांना कामावर लावी, रजा देई, गैरहजर कामगाराच्या जागी बदली कामगार घेई व प्रसंगी वाण्याकडील उधारीस जामीन राही. या साऱ्याबद्दल तो दस्तुरी घेई. ती उघड लाचच होती. तथापि जॉबरला केवळ पिळवणूक करणारा ठरविणे एकांगी होईल. त्याची माणसे त्याला सोडून गेली, तर गिरणीतील त्याचे वजनही संपे; म्हणून काही वेळा तो संपात कामगारांबरोबर उतरे.

व्यवस्थापनावर भरवसा ठेवण्यास कामगाराला फारसे कारण नव्हते. महिना संपल्यावरही कित्येक दिवस पगार हाती पडत नसे. विणाईत खराब झालेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. याविरुद्ध दाद मागावयाची, तीही जॉबरमार्फतच.

भरतीचे काम जॉबरकडून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये केली. मुंबई प्रांताच्या १९३४ च्या तंटे-समेट अधिनियमाने सरकारी मजूर अधिकारी आला. गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची व्यवस्था सुरू केली आणि १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने पगाराची मुदत ठरवून दिली. जॉबरचे अधिकार यामुळे आटले. परंतु त्याच्यावरील भरवसा गिरणीच्या कचेरीकडे वळला नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला, म्हणजे मध्यस्थ बदलला इतकेच. त्या संघटनेवरीलही विश्वास उडाल्यावर कामगार दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सु. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेण्यात आला नाही.