दूरस्थ गायनशिक्षण आणि कालविलंबाचा प्रश्न

गुरूपासून दूर राहून गाणे शिकण्याचा प्रयत्न आंतरजालामुळे प्रथम शक्य झाला, अशी समजूत आढळते. ती ग्राह्य नाही. पंडित भातखंडे यांची स्वरलिपीबद्ध ‘क्रमिक पुस्तकमालिका’, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि १९५३ साली सुरू झालेले आकाशवाणीचे पुणे केंद्र या साधनांनी शहरातील गाणे बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांच्या आवाक्यात आणले होते. उणीव होती ती परतीच्या वाटेची. शिष्याचा ढळलेला स्वर गुरूच्या कानी नेण्याची सोय यांपैकी एकाही साधनात नव्हती.

या परतीच्या वाटेचे महत्त्व पुणे केंद्राने संगीताबाहेर ओळखले होते. १९५६ साली पुण्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात, अशी ती पद्धती होती. शेतीच्या शंकेला काही दिवसांनी मिळालेले उत्तरही उपयोगी पडते. तोडीच्या गंधाराला ते पडत नाही.

चित्र आणि ध्वनी दोन्ही दिशांनी नेणाऱ्या दृक्-संवादाने ही उणीव बरीचशी भरून काढली, पण पूर्णतः नाही. दोघांना एकत्र गाता-वाजवता यावे यासाठी ध्वनीचा एकेरी विलंब साधारणतः २५ ते ३० सहस्रांश सेकंदांपलीकडे जाऊ नये, असे मानले जाते. हवेत तेवढ्या वेळात ध्वनी आठ-दहा मीटर जातो. पुणे-इंदापूर हे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर काचतंतूतील प्रकाश एक सहस्रांश सेकंदाच्या आत तोडतो. तेव्हा दोष अंतराचा नाही. ध्वनिचित्रांचे संक्षेपण, साठवण आणि जाळ्यातील वळसे यांत वेळ जातो. इटलीतील त्रिएस्ते येथील तार्तिनी संगीतविद्यालयाने विकसित केलेल्या ‘लोला’ प्रणालीने हे संक्षेपणच टाळले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्रिएस्ते व पॅरिस येथील वादकांचे सहवादन घडवून आणले. मात्र तिला अतिवेगवान शैक्षणिक जाळे लागते.

विलंबाशी जुळवून घेणे या परिसराला नवे नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते. लांबलेल्या दिंडीत पखवाजापासून सतरा मीटर मागे असलेल्या टाळकऱ्यापर्यंत थाप सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी उशिरा पोचते. तरीही अभंग विस्कटत नाही. पुढच्यांनी चरण म्हणावा, मागच्यांनी तो उचलावा, ही रचनाच विलंब पोटात घेते, असे मला वाटते. शिवाय पावलांची लय डोळ्यांना दिसत असते.

मार्च २०२० नंतर घरोघरी चाललेल्या शिकवणीनेही हीच रीत पत्करली: गुरूने गाऊन थांबावे, मग शिष्याने गावे. आलाप, पलटे, बंदिशीची मांडणी एवढे त्यात साधले. (तंबोऱ्याच्या अखंड नादाला गोंगाट समजून पुसून टाकण्याचा संवादप्रणालींचा उद्योग हा एक वेगळाच ताप होता.) अडले ते लयकारीपाशी. भारतात मार्च २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने विद्यापीठे आणि संशोधनसंस्था जोडल्या; खेड्यातील शिष्याचे घर त्याच्या कक्षेत नाही. अशा स्थितीत ठेका गुरूकडे वाजला, तर तो शिष्याला उशिरा ऐकू येतो आणि त्याचे गाणे परतताना आणखी मागे पडते. सम कोठे आली हे गुरूला ठरवता येत नाही. तोच ठेका शिष्याच्या खोलीत वाजला, तर गळा आणि ताल एकाच विलंबाने, परंतु एकत्र पोचतात, आणि शिष्य समेवर खरोखर आला की नाही हे पुण्यात बसून सांगता येते.