जीवनसत्त्वांचे पेशीग्रहण

ऊर्जाचयापचयास (अन्नापासून ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक प्रक्रियांस) आवश्यक असलेली ब-गटातील जीवनसत्त्वे पेशीपटलातील वाहक प्रथिनांमार्फत पेशीत शिरण्याची क्रिया. थायमिन (ब१) विशिष्ट वाहकांद्वारे आत येते व फॉस्फेट गट जोडले गेल्यावर सहएंझाइम, म्हणजे एंझाइमाचा साहाय्यक रेणू, बनते. रिबोफ्लेविनाचे (ब२) वाहक निराळे असतात. नायसिन (ब३) आहारातून मिळते, शिवाय यकृतात ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासूनही तयार होते; सुमारे ६० मिग्रॅ. ट्रिप्टोफॅनापासून १ मिग्रॅ. नायसिन मिळते. यवतमाळ जिल्ह्याच्या पारंपरिक आहारातील ज्वारीत ल्यूसीन हे ॲमिनो अम्ल विपुल असून, त्याच्या अतिरेकाने हे रूपांतर बिघडून पेलाग्रा (त्वचादाह, अतिसार व बुद्धिभ्रंश ही लक्षणे असलेला रोग) होतो, असे मत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. शेंगदाणे, डाळी व दूध यांच्या जोडीने ज्वारी खाल्ल्यास नायसिनाची उणीव भरून निघते.