मॉर्फिनची चिठ्ठी ऑनलाइन मिळते का?

कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन संपत आले की हदगावसारख्या तालुक्याच्या गावी घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो: दुखण्याने बेजार माणसाला घेऊन नांदेड गाठायचे, की मोबाइलवर डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी घ्यायची?

थोडक्यात उत्तर

सल्ला ऑनलाइन मिळतो, मॉर्फिनची चिठ्ठी मिळत नाही. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालील औषधे फोन किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा यांची चालू औषधे मात्र पुन्हा लिहून मिळू शकतात. सरकारच्या मोफत ई-संजीवनी सेवेलाही हेच नियम आहेत. डॉक्टर नाही म्हणाले, तर ते तुम्हाला टाळत नाहीत. त्यांचे हात कायद्याने बांधलेले आहेत.

गांजाच्या कार्डाचे काय?

अमेरिकेतील काही राज्यांत औषधी गांजाची परवानगी ऑनलाइन भेटीत वाढवून मिळते. भारतात रुग्णांसाठी असे कार्डच नाही. गांजा किंवा चरस जवळ बाळगणे गुन्हा आहे. 'कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. भांगेची पाने एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात त्यांवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. 'विजया' असलेले आयुर्वेदिक औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे आणि कर्करोगाच्या डॉक्टरांनाही सांगावे. मॉर्फिनसोबत गुंगी वाढू शकते.

चिठ्ठी संपण्याआधी काय करावे?

• उरलेल्या गोळ्या मोजा. किमान आठवडाभराचा साठा असतानाच उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करा.
• मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. ते मान्यताप्राप्त संस्थांतून, प्रशिक्षित डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या रुग्णालयात साठा आहे का, हे निघण्याआधी विचारा.
• रुग्ण प्रवास करू शकत नसेल, तर नातेवाइकाने आल्यास चालेल का, कोणती कागदपत्रे लागतील, हेही विचारून घ्या. जुनी चिठ्ठी, तपासणीचे कागद व ओळखपत्र तयार ठेवा.
• कधी, किती दुखले आणि किती मात्रा दिली, हे वहीत लिहा. मात्रा ठरवायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.
• बद्धकोष्ठता, मळमळ, झोप यांबद्दल ऑनलाइन सल्ला जरूर घ्या. त्यासाठी नांदेडची फेरी बहुधा लागत नाही.

हे करू नका

मॉर्फिन एकदम बंद करू नका. दुखणे उसळते, शिवाय घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होऊ शकते. गोळ्या पुरवण्यासाठी मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नका. दुसऱ्या रुग्णाच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. औषध कुलपात, मुलांपासून दूर ठेवा.

ताबडतोब १०८ ला फोन करा

रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ऑनलाइन भेटीची वाट पाहू नका. पुढची मात्रा देऊ नका. मॉर्फिनची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. किती व केव्हा दिले, ते डॉक्टरांना सांगा.