आईच्या पोटात लहान मेंदू कसा घडतो?

डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूखाली असतो तो लहान मेंदू, म्हणजेच अनुमस्तिष्क. वजन मेंदूच्या साधारण दहाव्या भागाइतकं, पण मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळपास 80 टक्के इथेच!

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात चेतानलिका बंद होते आणि तिच्या पुढच्या टोकाला तीन फुगे तयार होतात. सर्वांत मागच्या फुग्याच्या वरच्या भागातून लहान मेंदू आकार घेतो. आतल्या अस्तरातून पुर्किंजे पेशी येतात, तर कडेच्या पट्टीतून कणिका पेशींच्या पूर्वज पेशी. या आधी पृष्ठभागावर पसरतात, भराभर विभागतात आणि त्यांच्यापासून झालेल्या कणिका पेशी पुर्किंजे पेशींना ओलांडून आत उतरतात. ‘विभागत राहा’ हा निरोप देतात पुर्किंजे पेशीच, ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनातून. (हो, नाव व्हिडिओ गेममधल्या पात्रावरूनच!)

हे काम गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात असतं आणि जन्मानंतरही सुमारे वर्षभर चालतं. म्हणूनच फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये लहान मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका जास्त असतो. त्याचा परिणाम पुढे हालचालींवरच नाही, तर बोलण्यावर आणि शिकण्यावरही होऊ शकतो. उलट, विभागणी थांबलीच नाही तर? लहान मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग काही वेळा याच पूर्वज पेशींतून सुरू होतो.