गडावरचं गाव, गावाची नगरपालिका : पन्हाळा



पन्हाळा आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला आहे. शाळेच्या सहलीला, नाहीतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून आपण गडावर जातो. तीन दरवाजा बघतो, अंबरखाना बघतो, सज्जा कोठीवरून खाली पाहतो, झुणका-भाकर खातो आणि दिवस मावळायला घरी येतो. पण त्या तटाच्या आत माणसं राहतात. त्यांची घरं आहेत, चुली आहेत, नळाला पाणी कधी येणार ही काळजी आहे. आणि त्यांचा कारभार बघायला एक नगरपालिकाही आहे. तिचं पूर्ण नाव पन्हाळा गिरिस्थान नगरपरिषद. आज आपण राजे-सरदारांचा नाही, तर या कारभाराचा इतिहास बघू.

आधी आकडा ऐका. २०११ च्या जनगणनेत पन्हाळ्याची लोकसंख्या होती ३,१२१. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी खेडी याहून मोठी आहेत. तरी ती ग्रामपंचायती, आणि पन्हाळा नगरपालिका. महाराष्ट्रातल्या लहानांतल्या लहान नगरपालिकांपैकी ही एक. असं कसं झालं आणि त्यानं माणसांना काय फरक पडतो, हे कळायला थोडं मागं जायला हवं.

हा किल्ला शिलाहारांच्या काळातला. बाराव्या शतकाच्या अखेरीला भोजराजानं तो बांधला, असं मानतात. तटबंदी सात किलोमीटरहून लांब. पण नुसत्या तटानं गड टिकत नाही. वर राहणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, धान्य आणि पाणी. म्हणून अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या उभ्या राहिल्या. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. भात, नाचणी, वरी असलं आपल्याच डोंगरकपारीतलं धान्य तिथं साठायचं. पाण्यासाठी सोमाळे तळं, सादोबा तळं, नागझरी आणि अंधार बाव. अंधार बाव म्हणजे चांगली तीन मजली विहीर. वर पहारा आणि खाली पाणी, म्हणजे शत्रूनं पाण्यात विष कालवू नये. १६६० साली सिद्दी जौहरनं वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज चार महिने गडावर होते. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण ते चार महिने गडावरची माणसं कशावर जगली, याचं उत्तर या कोठ्यांत आणि तळ्यांत आहे. कोठीत दाणे किती आणि पाणी कुणाच्या ताब्यात, हाच तिथला पहिला कारभार.

आता दुसरी गोष्ट. हा कारभार बायकांनीही केलेला आहे. १७०० साली राजाराम महाराज वारले. ताराराणी त्या वेळी पंचवीस वर्षांच्या होत्या. मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. पुढं कोल्हापूरचं राज्य वेगळं झालं आणि पन्हाळा त्याची राजधानी झाला. १७१४ साली राज्य उलटलं. सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराराणींना त्याच पन्हाळ्यावर कैदेत राहावं लागलं. १७६० मध्ये संभाजी महाराज वारल्यावर त्यांच्या राणी जिजाबाई यांनी दत्तक मुलाच्या नावानं १७७३ पर्यंत राज्य चालवलं, तेही पन्हाळ्यावरून. १७८२ साली राजधानी खाली कोल्हापुरात आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि गडाचं लष्करी महत्त्व संपलं. राहिलं ते थंड हवेचं गाव आणि तालुक्याचं ठाणं. ताराराणींच्या वाड्यात पुढं शाळा आणि सरकारी कचेऱ्या भरू लागल्या.

पण एक लक्षात घ्या. ताराराणी आणि जिजाबाई यांनी राज्य केलं, ते मुलाच्या नावानं. साध्या घरातल्या बाईला स्वतःच्या नावानं कारभारात बसता येईल, हे यायला विसावं शतक संपत आलं. १९९२ साली घटनादुरुस्ती झाली. गावांसाठी ७३ वी, शहरांसाठी ७४ वी. दोन्ही १९९३ मध्ये लागू झाल्या आणि एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पन्हाळ्यासारख्या लहान नगरपालिकेत किमान १७ सदस्य, असा नियम बरीच वर्षं होता. १७ मधल्या निम्म्या म्हणजे ९ बायका. हेच पन्हाळा ग्रामपंचायत असतं, तर ३,००१ ते ४,५०० वस्तीच्या गावाला ११ सदस्य मिळतात, तेवढेच मिळाले असते. म्हणजे तेव्हा तीन हजारांच्या गावात १७ नगरसेवक! दोनशेहूनही कमी माणसांमागं एक. नगरसेवक गल्लीतच राहतो, दारातूनच हाक मारता येते.

मग नगरपालिका बरी की ग्रामपंचायत? घाईनं उत्तर देऊ नका. ग्रामपंचायतीच्या गावात आपल्याला ग्रामसभा असते. वर्षातून किमान चार. तिच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातले जे कमी, तेवढी माणसं जमली की सभा चालते. तिथं आपण स्वतः उभं राहून विचारू शकतो, पाण्याच्या टाकीचे पैसे कुठं गेले? नगरपालिकेत सभेत बसतो तो नगरसेवक. आपण त्याला निवडून देतो आणि आपलं म्हणणं त्याच्या तोंडून मांडावं लागतं. २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, पण ग्रामसभा जशी गावात मुरली, तशी ती मुरली नाही. शिवाय शहराचा मतदार जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला मत देत नाही. आपल्या बचत गटांचंही तसंच. ‘उमेद’ हे ग्रामीण भागाचं अभियान. गाव शहरात गेलं की गटाचं दप्तर दुसऱ्या खात्याकडे जातं.

दुसऱ्या बाजूनं बघितलं, तर नगरपालिकेला मुख्याधिकारी मिळतो, शहरांसाठीचा निधी मिळतो, कचरा, दिवाबत्ती आणि गटारं यांची नीट व्यवस्था लावता येते. पन्हाळ्यानं ते करूनही दाखवलं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं स्वच्छ शहरांची ‘सुपर स्वच्छ लीग’ जाहीर केली. २०,००० पेक्षा कमी वस्तीच्या शहरांत देशभरातून जी मोजकी नावं आली, त्यांत पन्हाळा होतं. रोज गाड्या भरभरून माणसं येतात, खातात, टाकतात आणि जातात. त्या गावानं हे केलं. यामागं पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या बायकांचे हात आहेत, हे सांगायला नको.

तरी लहान नगरपालिकेची ताकदही लहानच. जुलै २०२१ च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला. गाड्या बंद म्हणजे पाहुणे बंद, आणि पाहुणे बंद म्हणजे भाकरी थापणारीचा, कणीस भाजणारीचा, खोल्या भाड्यानं देणारीचा धंदा बंद. तो डोंगराचा रस्ता बांधणं तीन हजार माणसांच्या घरपट्टीत बसणारं नव्हतं. सरकारकडंच बघावं लागलं. तसंच घराचं. जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा सांगतो, संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम नाही, आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीशिवाय नाही. गाव अशा वास्तूंच्या मधोमध. पत्रा बदलायचा, भिंत उचलायची, तरी आधी कागद. ११ जुलै २०२५ ला शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळाही आहे. अभिमान सगळ्यांनाच आहे. पण गडावर राहणारी बाई विचारते, उद्या माझी टपरी राहील का, माझ्या लेकाला इथंच घर बांधता येईल का? २००१ च्या जनगणनेत पन्हाळ्यात ३,४५० माणसं होती, दहा वर्षांत ती तीनशेहून अधिक कमी झाली. किल्ला जपायचा आणि किल्ल्यातलं गावही जपायचं, हे दोन्ही नगरपालिकेच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना रोज जुळवावं लागतं.

लांब अमेरिकेतही अशी इवलीशी शहरं आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांना ‘बरो’ म्हणतात. नऊशेच्या वर आहेत, कित्येकांची वस्ती पन्हाळ्याएवढी किंवा त्याहून कमी. त्यांना निवडून आलेलं मंडळ असतं, महापौर असतो. आणि तिथला कायदा सांगतो, मंडळाची सभा उघडी असली पाहिजे आणि रहिवाशाला तिथं बोलायला वेळ दिला पाहिजे. म्हणजे शहर झालं तरी बोलायची जागा ठेवता येते. ती कायद्यात मागून घ्यावी लागते.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आपल्या जिल्ह्यात हुपरी, शिरोळ, आजरा, चंदगड, हातकणंगले ही गावं गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत गेली. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीचा विषय निघाला की शेजारच्या गावांत सभा होतात, मोर्चे निघतात. उद्या तुमच्या गावाची पाळी आली, तर “शहर झालं, बरं झालं” किंवा “नको बाई ते शहर” एवढ्यावर थांबू नका. घरपट्टी किती होईल? पाणीपट्टी किती? बांधकामाची परवानगी कुणाकडं मागायची? गटाचं खातं कुठं जाईल? आणि सगळ्यात आधी, ग्रामसभा गेली तर आम्ही बोलायचं कुठं?

हे प्रश्न आजच विचारता येतील, कारण आज ग्रामसभा आहे. पुढच्या महिला सभेला गटातल्या सगळ्या जा, आणि उठताना ठराव वहीत नीट लिहिला गेला की नाही, ते वाचून मगच सही करा.